तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

हे सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद झाला की थांबा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. आपल्याला मनानं आर्वीला जायचं आहे, वर्धा जिल्ह्यातल्या, आणि तिथं जाऊन आधी फक्त जमीन पाहायची आहे. माणसं, दुकानं, फलक हे सगळं मागाहून.

सुरुवात मात्र तुम्ही बसला आहात तिथूनच करू. पाय जमिनीला टेकवा. आता मनातल्या मनात उठा आणि घराबाहेर पडा. फरशी संपते, उंबरा येतो, मग ओटा, ओट्याच्या दोन पायऱ्या, नालीवरचा ढापा, पुढं गट्टूची पट्टी आणि मग रस्ता. वाट रोजचीच. पायांना ती पाठ आहे, डोळ्यांनी मात्र कित्येक दिवसांत पाहिलेली नाही. खड्डा आला की पाय लांब पडतो, खडा आला की बाजूला होतो, आणि डोक्याला त्याची खबरही नसते.

आता तीच वाट चाकावरून करा. सायकलचं चाक नको. ते मोठं असतं, पुष्कळ काही पोटात घालतं. स्केटबोर्डचं चाक घ्या. पन्नास-पंचावन्न मिलिमीटरचं, म्हणजे दोन इंचांच्या जरा वर, आणि कडक. त्याच्यापुढं गिट्टीचा हरभऱ्याएवढा खडा आला तरी ते जागच्या जागी अडतं, आणि फळीवरचं पोर तसंच पुढं जातं. ढाप्याची रुंद फट त्याला पार करवत नाही. गट्टूवर दात वाजेपर्यंत खडखड होते, जुन्या डांबरावर पायांना मुंग्या येतात, आणि सिमेंटच्या नव्या रस्त्यावर आवाज एकदम बारीक होऊन नुसती घरघर उरते.

घरापासून चौकापर्यंत हे चाक मनानं नेऊन पाहा. जिथं अडेल तिथं थांबा आणि का अडलं ते बघा. घाई नाही.

बहुतेक जण एक गोष्ट ओळखतील. चाक जिथं अडलं तिथंच व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक अडतं. बाळाची गाडी तिथंच उचलून घ्यावी लागते, भाजीवाल्याची हातगाडी तिथंच दोघांनी मिळून ढकलावी लागते. रस्ता सगळ्यांसाठी आहे असं आपण सहज म्हणतो. दोन इंचांचं चाक हे म्हणणं तपासून पाहतं.

ही फळी कुठून आली ते थोडक्यात मनाशी ठेवू. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर स्वार होणारी पोरं, लाटा नसतील त्या दिवशी फळीला चाकं लावून रस्त्यावर उतरली. आधी चाकं लोखंडाची आणि मातीची होती, ती सारखी घसरायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्थी यानं पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि फळीनं जमीन धरली. मग १९७६-७७ चा दुष्काळ पडला. बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे झाले, आणि पोरं कुंपणावरून उड्या टाकून त्या खोलगट, गुळगुळीत सिमेंटमध्ये शिरली. खेळाचा एक मोठा भाग तिथं, दुसऱ्याच्या परसात, विनापरवाना तयार झाला.

पुढची पायरी आपल्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची. १९७८ च्या सुमारास फ्लोरिडातल्या ॲलन गेलफँडनं हात न लावता फळीसकट हवेत उडी घेतली. त्याच्या टोपणनावावरून तिला ‘ऑली’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलन यानं तीच उडी सपाट जमिनीवर साधली. मागच्या पायानं फळीचं शेपूट जमिनीवर आपटायचं, पुढचा पाय वर ओढायचा, आणि फळी पायांखाली चिकटून वर येते. वीतभर उंची, अर्धा सेकंद. तेवढ्यानं तलावाची गरज संपली. पायरी, कठडा, बाक, ओटा, पार, जे जे वीतभर उंच आहे ते सगळं खेळात आलं.

इथं थांबा आणि आपल्या गावातल्या वीतभर उंच गोष्टी मोजा. शाळेचा झेंड्याचा ओटा. देवळाच्या पायऱ्या. बँकेचा उतार. पुतळ्याभोवतीचा चौथरा. आपण इथं बसतो, चपला काढतो, वाट पाहतो. कुणीतरी याच कडांवरून सरकत जाऊ शकतं, हे मनात आणून पाहा. खालचं सिमेंट तेच राहतं.

आता आर्वीत जाऊ. बाजाराचा दिवस सोडून कुठल्याही दुपारी बाजारओट्यांकडे या. बाजाराच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. वांगी, मिरची, पोतडीवर मांडलेली चप्पल-बूटं, तराजूवरून चाललेली घासाघीस. इतर दिवशी ओटे मोकळे. एका ओट्यावर शेळी उभी, एकावर कुणी गमछा डोक्याखाली घेऊन पडलेलं, एकावर पत्त्यांचा डाव.

ओट्याच्या कडेवरून हात फिरवा. बाजाराच्या दिवशी पोती ओढून ओढून ती कड गोल झालेली असते. स्केटबोर्डवाली पोरं अशीच कड शोधतात. ती पुरेशी गुळगुळीत नसेल तर तिच्यावर मेणबत्ती घासतात, म्हणजे फळी सरकते, आणि मागं काळपट पट्टा राहतो. पोत्यानं झिजलेल्या कडेला आपण वापर म्हणतो, फळीनं काळ्या झालेल्या कडेला नुकसान म्हणतो. नुकसान होतं हे खरं. कडांचे टवके उडतात. तरी दोन्ही खुणांकडे काही क्षण सारखंच पाहून बघा, आणि यातली कुठली खूण आपल्याला आधी खटकते ते स्वतःशी नोंदवा.

मग प्रश्न येतोच: ही जागा कुणाची?

आर्वी या प्रश्नावर विचार करायला चांगलं गाव आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की तेलंगराव वली यांनी हे गाव वसवलं असं मानतात आणि त्यावरून त्याला आर्वी तेलंगराव असंही म्हणत. ते ब्राह्मण होते असं कुणी सांगे, मुसलमान होते असं कुणी सांगे, आणि त्यांच्या समाधीवर दोन्हीकडची माणसं डोकं टेकत. ते नेमके कोण, याचा निकाल लागेपर्यंत कुणी थांबलं नाही. लोक जात राहिले आणि जागा सगळ्यांची झाली.

नगरपालिका इथं १८६७ ची. कापसाची पेठ म्हणूनही गाव नावाजलेलं. १९१७ मध्ये पुलगावहून आर्वीपर्यंत पस्तीसेक किलोमीटरची नॅरोगेज आली, कापूस मुख्य रुळाशी नेऊन घालण्यासाठी. विदर्भातली ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी ज्या कंपनीची, त्याच सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. देश स्वतंत्र झाला तरी रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. आर्वीच्या माणसानं मात्र कधी ‘कंपनीची गाडी’ म्हणून तिकीट काढलं नसेल. त्याच्या लेखी ती आपल्या गावची गाडी होती. मालकी कागदावर एकाची आणि आपलेपणा दुसऱ्याचा, असं इथं कित्येक वर्षं सुखानं चाललं. गाडी बंद होऊनही आता बराच काळ लोटला.

म्हणून ‘जागा कुणाची’ याची दोन उत्तरं एकाच वेळी मनात धरा. एक सातबाऱ्यावरचं किंवा नगरपालिकेच्या नोंदवहीतलं. दुसरं, तिथं कोण किती वेळ असतं आणि कुणाला हाकलता येतं, यातून मिळणारं. दुसरं उत्तर दर तासाला बदलतं. पहाटे चौकात दूधवाले आणि पेपरवाले. दहाला कॉलेजची पोरं. दुपारी कुणीच नाही. संध्याकाळी पानठेल्यापाशी बापे.

इथं मुद्दाम थोडं जास्त थांबू. संध्याकाळच्या त्या चौकात मनानं उभे राहा आणि बायका किती आहेत ते मोजा. जाणाऱ्या-येणाऱ्या नव्हेत, काहीही काम नसताना नुसत्या उभ्या असलेल्या किती? तुमच्या गावात हा आकडा काय येतो ते तुम्हालाच ठाऊक. तो मनात ठेवूनच पुढचं वाचा.

मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात २०१५ मध्ये उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी गावातल्या पोरांसाठी स्केटपार्क उभा केला. नियम दोनच ठेवले. शाळेत गेला नाहीत तर फळी नाही. आणि मुली आधी. मुलीनं फळी मागितली की मुलानं द्यायची. आदिवासी आणि यादव घरांतली पोरं एकाच सिमेंटवर पडू-उठू लागली. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. आपल्याकडे पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. पदकांपेक्षा जनवारचा तो दुसरा नियम मनात घोळवण्यासारखा आहे. मोकळ्या जागेत जो आधी पोचतो त्याची ती होते, आणि आधी कोण पोचणार हे घरातच ठरलेलं असतं. म्हणून तिथं ‘सगळ्यांना मोकळीक’ एवढं पुरलं नाही. कुणाला तरी आधी म्हणावं लागलं.

‘स्ट्रीट’ या प्रकाराकडेही एकदा बघा. स्पर्धेच्या मैदानात काय असतं? पायऱ्या, कठडे, उतार, बाकाएवढे चौथरे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा आला आणि जपानच्या मोमिजी निशियानं तेराव्या वर्षी सुवर्ण जिंकलं. तिचं मैदान म्हणजे चौकातल्या ओट्या-पायऱ्यांची नक्कल होती. जगभर पोरांना हाकललं गेलं ते याच ओट्या-पायऱ्यांवरून. नकलेवर पदक मिळतं, अस्सल जागी शिट्टी वाजते.

हाकलण्याच्या तऱ्हा आपल्यालाही नव्या नाहीत. परदेशात कठड्यांवर ठरावीक अंतरावर लोखंडी खुंट्या बसवतात, म्हणजे फळी सरकत नाही. आपल्याकडे दुकानाच्या पायरीवर टोकदार पट्ट्या असतात, म्हणजे कुणी टेकत नाही. २०१८ मध्ये मुंबईत फोर्ट भागातल्या एका बँकेनं दारासमोर असे खिळे बसवले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते काढावे लागले. तुमच्या रोजच्या वाटेवर असा खिळा कुठं आहे ते आठवा. तो कुणासाठी ठोकला असेल?

आता बाजू बदला. फळीवरून उतरा आणि पारावर बसलेल्या म्हातारीच्या जागी बसा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ऐकायला कमी, संध्याकाळी गार वाऱ्याला म्हणून इथवर आलेली. मागून खडखड येते. काय आहे ते कळायच्या आत काहीतरी शेजारून सुसाट जातं. छातीत धस्स होतं. एकदा पडलो की अंथरूण धरावं लागेल, हे तिला पुरतं ठाऊक आहे. तिची भीती खरी आहे. तिला ‘जुन्या विचारांची’ म्हणून निकालात काढू नका. या भीतीपाशी निदान चार श्वास तरी बसा.

फिलाडेल्फियात लव्ह पार्क नावाचा चौक होता. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, लांबलचक कडा, आणि जगभरातून येणारी स्केटबोर्डवाली पोरं. शहरानं बंदी घातली आणि २००२ मध्ये चौकाची मोडतोड करून त्यांना बाहेर काढलं. तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तिथं आले, दोन्ही बाजूंनी आधार घेऊन फळीवर उभे राहिले आणि थोडे पुढं गेले. म्हातारपण आणि फळी एकाच चौकात नांदू शकतात, एवढं त्यांनी भर दिवसा करून दाखवलं. लंडनमध्ये थेम्सकाठी १९६७ च्या क्वीन एलिझाबेथ हॉलखाली असाच एक रिकामा गाळा होता. १९७० च्या दशकापासून पोरांनी तो आपलासा केला. २०१३ मध्ये तिथं दुकानं काढायचं ठरलं, मोठी चळवळ झाली आणि २०१४ मध्ये तो गाळा खेळणाऱ्यांसाठी राखायचं मान्य झालं. ज्या कोपऱ्याचा उपयोग वास्तुकारालाही सुचला नव्हता, तो चाळीस वर्षांच्या वापरानं त्या शहराचा ठेवा झाला.

या पोरांची एक रीतही ध्यानात घ्या. एखादी उडी जमायला शंभरदा पडावं लागतं, आणि ते पडणं चारचौघांत असतं. जेव्हा जमते, तेव्हा आजूबाजूचे सगळे, ओळखीचे आणि अनोळखीही, आपापली फळी जमिनीवर आपटून दाद देतात. चारचौघांत चुकायला जागा असणं हे मोठं सुख आहे. आपण शेवटचं चारचौघांत कधी चुकलो, आणि कुणी दाद दिली?

आता ज्यासाठी आर्वीला आलो त्या दिवसाकडे येऊ.

पिठोरी अमावास्येला पोळा. गवळाऊ जनावरांचा हा मुलूख. पांढरे, मध्यम उंचीचे, चालीला चपळ बैल झुली पांघरून तोरणाखाली उभे राहतात. तो मोठ्यांचा पोळा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केल्याचं सांगतात. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी लांबवर ओळखला जातो. नटूनथटून पोरं निघतात, हातात दोरी, दोरीला नंदी. तोरणाखाली रांग लागते, सजावटीला बक्षिसं मिळतात, मग घरोघर हिंडून बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायचा.

त्या नंदीकडे वाकून, अगदी जवळून बघा. वर सुतारानं कोरलेला बैल, वशिंड, रंगवलेली शिंगं, गळ्यात माळ. त्याचे चार पाय एका फळीवर ठोकलेले. फळीखाली चार चाकं.

लाकडाची फळी आणि चार चाकं. मूल ती घेऊन भर रस्त्यात उतरलेलं आहे. गट्टूवर ती खडखडते, खड्ड्यात कलते, नंदी आडवा होतो, मूल तो उभा करतं. मोटरसायकलवाला पाय टेकून थांबतो. एरवी ‘बाजूला हो’ म्हणणारा दुकानदार गल्ल्यातून नाणं काढतो. तीच म्हातारी ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येक नंदीला हात लावते. चाकांची संख्या त्या दिवशी गावात सर्वांत जास्त असेल, आणि तिला भीती वाटत नाही. कारण आज ही येणार हे तिला माहीत आहे, सोबत मोठी माणसं आहेत, आणि वेळ ठरलेली आहे.

म्हणजे गावाला हे येतं. रस्ता लेकरांच्या हवाली करणं, वाहनानं थांबणं, ओळख नसलेल्या पोराला दारात उभं करणं, सगळं येतं. वर्षातून एका दुपारी ते बिनबोभाट होतं. त्यासाठी वेगळं मैदान लागत नाही. रस्ता तोच, ओटे तेच.

आणि तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस? नंदी माळ्यावर जातो. तेच मूल चार वर्षांनी, दहा-बारा वर्षांचं होऊन, दुसरी एखादी फळी घेऊन त्याच रस्त्यावर येतं, तेव्हा त्याला विचारलं जातं: खेळायला दुसरी जागा नाही का? शहरांनी या प्रश्नाला स्केटपार्क हे उत्तर दिलं. ते चांगलंच आहे. तिथं पडायला गुळगुळीत सिमेंट असतं. पण कुंपणातल्या पार्कात मुलाची म्हातारीशी गाठ पडत नाही, दुकानदाराशी पडत नाही. चौकात वेग कधी कमी करायचा, कुणापुढं फळी हातात घ्यायची, हे त्याला चौकच शिकवतो.

बाजारओट्यांकडे पुन्हा एकदा पाहा. आठवड्यातून एक दिवस ते भाजीचे, दुपारी झोपणाऱ्याचे, संध्याकाळी पत्त्यांचे. गावानं आपली जमीन वेळेनं वाटून घेतली आहे, आणि हे वाटप कुठंही लिहिलेलं नसताना सगळे पाळतात. त्यात पोरांच्या नावानं वर्षातली फक्त एक दुपार आहे. मागणी एवढीच आहे की साध्या दिवसातला एक तास त्यांच्या नावानं असावा, सगळ्यांना ठाऊक असलेला, म्हणजे म्हातारी त्या तासाला सावध बसेल किंवा पलीकडच्या पारावर बसेल, आणि पोरंही तास संपला की फळी काखेत घेतील.

आता शेवटचं काम, आणि ते मनातच करायचं आहे. तुमच्या गावातली एक जागा निवडा. तिच्यावरचा एक मोकळा तास शोधा. मग तो तास पोरांना, आणि मुलींना आधी, मिळायचा असेल तर कुणाकुणाचा होकार लागेल त्यांची यादी करा: समोरचा दुकानदार, ओट्यावर बसणारी आजी, रखवालदार, नगरसेवक, घरातून मुलीला बाहेर सोडणारी आई, सोडू की नको म्हणून घुटमळणारा बाप. यादी फार लांब होणार नाही. तीत तुमचं नाव कुठं येतं ते पाहा, आणि तुमच्यापुरता होकार की नकार ते ठरवूनच उठा.